अफूचा चीक आणि दारातली तगर

पेडण्यात काय किंवा डिचोलीत काय, सकाळी देवपूजेसाठी तगरीचे फूल खुडले की बोटांना पांढरा चीक लागतो. अफू म्हणजेही चीकच. खसखशीच्या हिरव्या बोंडाला चीर दिली की तो पाझरतो आणि वाळून तपकिरी होतो. त्यातले मॉर्फीन वेदना शमवते आणि माणसाला जखडूनही ठेवते. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोतेन या डच प्रवाशाने लिहून ठेवले आहे, की अफूची सवय जडलेल्याला ती रोज लागते. मिळाली नाही तर तो खंगून मरतो. ही सवय सुटावी म्हणून धडपडणारे शास्त्रज्ञ आज तगरीच्याच कुळाकडे पाहत आहेत.

या शोधाची वाट आफ्रिकेतून येते. गॅबॉनमधल्या ब्विती पंथाच्या विधींत इबोगा झुडपाच्या मुळाची साल खातात. इबोगा तगरीचाच भाऊबंद. त्यात इबोगेन नावाचे अल्कलॉइड असते. १९६२ साली न्यूयॉर्कच्या हॉवर्ड लॉट्सॉफ या तरुणाने ते घेतले आणि हेरॉइनची त्याची ओढ ओसरली. पण एकाच्या अनुभवावरून औषध ठरत नाही.

अमेरिकेतल्या ऑल्बनी येथे स्टॅन्ली ग्लिक यांनी इबोगेन उंदरांवर तपासले. कळ दाबली की शिरेतून मॉर्फीन मिळते, हे उंदीर लवकर शिकतात आणि पुन्हा पुन्हा कळ दाबत राहतात. इबोगेन दिल्यावर त्यांचे कळ दाबणे घटले. हे निष्कर्ष १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. १९९४ मध्ये याच प्रकारची इतर अल्कलॉइडे तपासली गेली. त्यांत कोरोनारिडिन होते. तगरीच्या 'कोरोनारिया' या जुन्या शास्त्रीय नावावरून त्याचे हे नाव पडले. त्यानेही उंदरांचे मॉर्फीन घेणे कमी केले; शिवाय इबोगेनने येणारी थरथर त्याने जवळजवळ आली नाही. त्याच्याच साच्यावर बेतलेले '१८-एमसी' हे संयुग मेंदूतल्या हाबेन्युला या इवल्याशा भागातले काही निकोटिनी ग्राहक अडवते आणि तिथून व्यसनाच्या ओढीला लगाम घालते.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानात तगरीचा एक रानटी सोयरा वाढतो, नागलकुडा. सतराव्या शतकात कोचीनमध्ये सिद्ध झालेल्या 'हॉर्टस मलबारिकस' या वनस्पतिग्रंथाच्या पहिल्या खंडात तो 'कुरुटुपाला' म्हणून आहे. त्याच खंडात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या सारस्वत वैद्यांची झाडांच्या माहितीबद्दलची नागरी लिपीतली १६७५ची साक्ष छापली आहे. त्यांचे पूर्वज गोव्याचे.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. उंदरातला परिणाम म्हणजे माणसाचे औषध नव्हे. इबोगेनने हृदयाचा ठोका बिघडून माणसे दगावली आहेत. म्हणून व्यसनात अडकलेल्या कोणालाही तगरीचा किंवा नागलकुड्याचा काढा देऊ नये. त्याला डॉक्टरांकडे न्यावे. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही तपासून सिद्ध झालेली औषधे आहेत.

तरीही ही झाडे मोलाची आहेत. डिचोलीचे डोंगर खाणींनी पोखरले, पेडण्यात मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला. पूर्वजांनी नावानिशी ओळखलेले झाड उद्याच्या संशोधकाला हवे असेल, तर त्याच्या पायाखालची माती आज राखायला हवी.