तळाचा मासा : बोंबील

जालना जिल्ह्यापासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी इथल्या आठवडी बाजारात सुकटीशेजारी बोंबलाचा ढीग असतोच. शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरिअस. वर्षातला बराच काळ हा मासा वाळू-चिखलाच्या तळाशी खोल पाण्यात राहतो आणि पावसाळ्यात नद्यांच्या मुखांशी गोळा होतो. कोळी त्याला डोल जाळ्यात पकडतात. अंगात पाणी भरपूर, म्हणून ताजा बोंबील लवकर नासतो. सातपाटी, वसई, वर्सोव्याकडे मीठ न लावता, जबड्यात जबडा अडकवून तो वलांडीवर, म्हणजे दोऱ्या ताणलेल्या मांडवावर, उन्हात वाळवतात. समुद्र न पाहिलेल्या मराठवाड्यापर्यंत तो पोहोचला, तो या वाळवणामुळेच.

गुजरातीत तो बुमला, बंगालीत लोटे किंवा लोइट्टा. इंग्रजांनी त्याला ‘बॉम्बे डक’ म्हटले. टपालगाडीच्या ‘डाक’वरून हे नाव पडले, अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते. ती पटत नाही, कारण १८५३ मध्ये रेल्वे धावण्याआधीच हे नाव छापून आले होते. ‘बोंबील’ हाच शब्द इंग्रजी कानांनी वाकवला असावा, हे अधिक सयुक्तिक वाटते.

विकत घेताना एक बोंबील मोडून पाहा: खडखडीत वाळलेला असेल तरच घ्या.