यमूचं दुःख नेमकं कुठं आहे?

'आरंभीच्या मराठी कादंबरीतील स्त्रीचे मानसिक दुःख' असा प्रश्न आला की उत्तरपत्रिकेत बालविवाह, केशवपन, पुनर्विवाहबंदी अशी यादी उतरते. यादी चूक नाही. पण ही झाली रूढींची यादी. यात बाईचं मन कुठं आहे?

बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' (१८५७) घ्या. यमुना नवऱ्यासोबत प्रवास करते आणि ठिकठिकाणच्या विधवांच्या हकिकती समोर येतात. दुःख खरं आहे, पण ते पुराव्यासारखं मांडलंय. पदमनजींना सुधारणा आणि ख्रिस्ती धर्म सांगायचा होता.

हरि नारायण आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः लिहिली. साप्ताहिक त्यांनीच १८९० मध्ये सुरू केलेलं. इथं विधवा यमू स्वतःच बोलते. नवरा रघुनाथ तिला शिकवतो, मुंबईत दोघांचा संसार सुखाचा होतो. मग तो जातो आणि शंकरमामंजी तिचं जबरदस्तीनं केशवपन करवतात. आपण या प्रसंगावर थांबतो. मला मात्र खरं दुःख सुरुवातीच्या पानांत दिसतं. बालपणाच्या गमती सांगणाऱ्या बाईला पुढचं सगळं माहीत आहे! म्हणून हसताहसता तिचा आवाज जड होतो. हे बोलणं एका पुरुषानं लिहिलंय, हेही विसरू नका.

बंगालीतही विधवाच केंद्रस्थानी दिसते. बंकिमचंद्रांच्या 'विषवृक्ष' (१८७३) मधली कुंदनंदिनी पुनर्विवाह करूनही शेवटी विष घेते. म्हणजे लग्न लावून दिलं की दुःख मिटलं, असं तिथं होत नाही. रवींद्रनाथांच्या 'चोखेर बाली' (१९०३) मधली विनोदिनी तर चिडते, हेवा करते, डाव खेळते. यमूला एवढा राग करायची मुभा आपट्यांनी दिली नाही, असं माझं मत.

ती मुभा मराठीत बाईनंच घेतली. 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) मध्ये शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलींची घुसमट आली. तरी लेखिकेला 'विभावरी शिरूरकर' हे टोपणनाव लागलंच. त्या म्हणजे मालतीबाई बेडेकर.

आमच्या नारायणगडाकडं आजही बाई 'मन दुखतंय' म्हणत नाही. 'डोकं उठलंय', 'जिवाला करमंना' म्हणते. घरी आजीला विचारा, तिच्याकडं असे अजून किती शब्द आहेत. ते वहीत लिहून आणा. मग यमूची पहिली प्रकरणं वाचू.