गुन्हेविषयक माहितीपट-मालिका आणि संकलनाचा प्रश्न

प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्यांवरील माहितीपट-मालिकांच्या चर्चेत ‘गुन्हेगार कोण?’ हाच प्रश्न अग्रभागी असतो. संकलनाकडे क्वचितच लक्ष जाते. ‘द जिंक्स’ (२०१५) या अमेरिकी मालिकेच्या अखेरीस, अंगावरील ध्वनिग्राहक चालू असताना, रॉबर्ट डर्स्ट स्नानगृहात पुटपुटतो : आपण हे काय केले? अर्थात, सर्वांना मारले. प्रेक्षकास ही सरळ कबुली वाटते. तथापि २०१९ मध्ये न्यायालयीन कामकाजातून पुढे आलेल्या प्रतिलेखानुसार ‘मारले’ हे वाक्य आधीचे, तर ‘काय केले’ हे नंतरचे होते. मधली वाक्ये गाळली गेली होती. २०२१ मध्ये मैत्रिणीच्या खुनाबद्दल डर्स्ट दोषी ठरला, हे खरे. परंतु त्यामुळे हे रचलेले प्रश्नोत्तर समर्थनीय ठरत नाही. वर्गात हा भाग दाखविणाऱ्या अध्यापकाने प्रतिलेखही सोबत वाचून घ्यावा.