कवायत आणि वाचन: बीड जिल्ह्यातील शिक्षकांच्या देवाणघेवाणीचा मागोवा

मराठवाड्यातील शालेय शिक्षणाचा इतिहास लिहिताना शाळांची संख्या, पटनोंदणी आणि निकाल यांचा हिशेब नेमाने मांडला जातो. परंतु एका शिक्षकाने शेजारच्या गावच्या शिक्षकाला दाखवलेला खेळ, किंवा अडखळत वाचणाऱ्या मुलाला बोलते करण्याची एखादीची युक्ती, कोणत्याही अहवालात शिरत नाही. बीड जिल्ह्यात व्यायाम आणि अवांतर वाचन या दोन्ही गोष्टी शाळेत रुजल्या त्या मुख्यतः अशा हातोहात झालेल्या देवाणघेवाणीतून. शासकीय योजनांनी तिला साहित्य पुरवले, काही वेळा वेग दिला आणि काही वेळा, हेतू चांगला असूनही, तिची वाट अडवली.

या दोन गोष्टींचे नाते स्वातंत्र्यपूर्व काळापर्यंत मागे जाते. निजामी राजवटीत ‘भीर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जिल्ह्यात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून होते, सभा-संमेलनांवर ‘गश्ती निशाण ५३’ या परिपत्रकाची बंधने होती (गश्ती म्हणजे सर्व कचेऱ्यांना फिरवलेला सरकारी आदेश), आणि खासगी शाळा असो वा व्यायामाचा आखाडा, तो चालवायचा तर राज्यकर्त्यांच्या परवानगीकडे डोळे लावून बसावे लागे. पुस्तक वाचणारा आणि जोर-बैठका काढणारा, हे दोघेही एकाच संशयाचे धनी होते. या पार्श्वभूमीवर तत्कालीन उस्मानाबाद (आजच्या धाराशिव) जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ मध्ये सुरू झालेली राष्ट्रीय शाळा, म्हणजे सरकारी अभ्यासक्रमाबाहेर राहून स्वदेशनिष्ठ शिक्षण देणारी शाळा, आणि पुढे १९३० च्या दशकात त्या शाळेतून आलेल्या स्वामी रामानंद तीर्थ व बाबासाहेब परांजपे यांनी अंबाजोगाईच्या, म्हणजे तत्कालीन मोमिनाबादच्या, योगेश्वरी शाळेत केलेले काम महत्त्वाचे ठरते. स्वामीजी पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले आणि परांजपे १९५२ मध्ये बीडमधून पहिल्या लोकसभेवर निवडून गेले. त्यामुळे त्यांच्यातील शिक्षक राजकीय चरित्राआड झाकला गेला. मात्र शरीर कमावणे आणि मन घडवणे ही दोन वेगळी खाती न मानणारी त्या पिढीची दृष्टी समजून घेतल्याशिवाय पुढचा भाग नीट उलगडत नाही.

व्यायामाचे शास्त्र मात्र बाहेरून आले. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून कार्यरत होते, औंधच्या पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार रुजवले होते, आणि बडोद्याहून द. चिं. करंदीकर-मुजुमदार यांनी अनेक खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध केला होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदांकडे प्राथमिक शाळांचा कारभार सोपवला गेला. त्यानंतर ही परंपरा बीडच्या खेड्यांत पोहोचण्याचा रस्ता मोकळा झाला. तरीही खेड्यातल्या शाळेला व्यायामशिक्षक मिळाला असे नाही. प्राथमिक शाळेत जो गणित शिकवतो तोच कवायत घेतो, आणि द्विशिक्षकी शाळेत, म्हणजे चार इयत्तांना मिळून दोनच शिक्षक असलेल्या शाळेत, एकाला कार्यालयीन कामासाठी तालुक्याला जावे लागले की उरलेल्याला सगळेच पाहावे लागते.

लेझमीचे उदाहरण या संदर्भात बारकाईने पाहण्यासारखे आहे. लाकडी दांडा, त्याला अडकवलेली लोखंडी साखळी आणि साखळीत ओवलेल्या चकत्या, एवढ्याच साहित्यावर शंभर मुलांना एका ठोक्यावर हलवता येते. परंतु ‘चार आवाज’, ‘एक जागा’, ‘आदि लगाव’, ‘दो रुख’, ‘आगे फलांग’ हे प्रकार छापील पुस्तिकेतील आकृत्यांवरून क्वचितच कोणी शिकला असेल. दांडा कोणत्या अंकाला छातीशी येतो, साखळी कधी ताणायची, पाऊल उचलताना कमरेतून किती वाकायचे, हे पाहूनच कळते. म्हणून ज्या शिक्षकाला लेझीम येते त्याची बदली ज्या गावी होते त्या गावी लेझीम जाते, आणि प्रजासत्ताक दिनाला ती पाहून शेजारच्या शाळेतील शिक्षक पुढल्या वर्षी ती उचलतात. बदल्यांबद्दल शिक्षकांची तक्रार जुनी आहे आणि रास्तही आहे. तरी जिल्ह्यातील लेझमीचा प्रसार त्या बदल्यांच्या यादीला काही अंशी ऋणी आहे, हे मान्य करावे लागते.

वाचनाच्या बाबतीत अशी देवाणघेवाण गटसंमेलनात घडत आली. गटसंमेलन म्हणजे जवळपासच्या शाळांतील शिक्षकांनी ठरावीक काळाने एकत्र येऊन एकमेकांसमोर आदर्श पाठ घेण्याची पद्धत. केंद्रप्रमुखाच्या देखरेखीखाली भरणाऱ्या आजच्या शिक्षण परिषदेचे ते पूर्वरूप. १८६१ मध्ये ‘मराठी शालापत्रक’ म्हणून सुरू झालेले आणि पुढे ‘जीवन शिक्षण’ या नावाने निघत राहिलेले मासिक, तसेच पाठ्यपुस्तक मंडळाचे १९७१ पासूनचे ‘किशोर’, यांनी शिक्षकांच्या हाती मजकूर दिला. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणापाठोपाठ आलेल्या खडू-फळा योजनेने शाळाशाळांत गोष्टींची पुस्तके आणि खेळाचे सामानही पोहोचवले. त्याचे पुढे जे झाले ते शिक्षकवर्गात सर्वांना ठाऊक आहे: पुस्तके जडवस्तू नोंदवहीत चढली, हरवल्यास भरपाई कोणी द्यायची या धास्तीने कपाटाला कुलूप लागले आणि तपासणीच्या दिवशी ती टेबलावर मांडली जाऊ लागली. दोष मुख्याध्यापकाच्या अनास्थेचा नव्हे. फाटलेले पुस्तक हा वाचनाचा पुरावा असतो, हे हिशेब तपासणाऱ्या यंत्रणेला मान्य नव्हते.

हे कुलूप उघडले ते गेल्या वीस वर्षांत. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या ‘असर’ या सर्वेक्षणाने २००५ पासून मुलाच्या हाती अक्षरे, शब्द, साधा परिच्छेद आणि गोष्ट असे चढत्या क्रमाचे कागद देऊन तो कुठवर वाचतो ते घरी जाऊन पाहण्यास सुरुवात केली. वरच्या इयत्तेत बसलेली अनेक मुले दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचू शकत नाहीत, ही गोष्ट त्यातून उघडी पडली. २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके व गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय आणि खेळाचे साहित्य बंधनकारक केले. मात्र आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद सहावी ते आठवीत शंभरावर पट असलेल्या शाळांपुरतीच ठेवली, त्यामुळे वाड्या-वस्त्यांवरील शाळांना तिचा उपयोग झाला नाही. जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाने आणि त्याच वर्षापासून १५ ऑक्टोबरला, डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या जयंतीला, साजऱ्या होणाऱ्या वाचन प्रेरणा दिनाने वाचन हा चर्चेचा विषय केला.

शिक्षकांनी एकमेकांकडून उचलले ते उपक्रम मात्र अगदी साधे आहेत. व्हरांड्यात सुतळी बांधून तिच्यावर पुस्तके अडकवायची, म्हणजे मुलाला मागावे लागत नाही. वाढदिवसाला चॉकलेटऐवजी शाळेला एक पुस्तक द्यायचे. चांगले वाचणाऱ्या मुलाशेजारी अडखळणारा बसवून जोडीवाचन करून घ्यायचे. चावडी वाचनात मुलांनी गावकऱ्यांसमोर उभे राहून वाचायचे. घरच्या वाचनाची अडचण निराळी असते, कारण अनेक घरांत पाठ्यपुस्तकांखेरीज छापील कागद नसतो आणि पालकांना स्वतःला वाचता येतेच असे नाही. त्यावर शोधलेला उपाय असा की, मुलाने घरी आजीला किंवा आईला गोष्ट वाचून दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी परिपाठात, म्हणजे राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, दिनविशेष आणि बातम्या यांनी सुरू होणाऱ्या सकाळच्या तासिकेत, ऐकणाऱ्याने काय विचारले तेवढेच सांगायचे. न वाचणाऱ्या पालकाला श्रोत्याचा मान देणारी ही रीत कोणत्याही स्वाध्यायपुस्तिकेपेक्षा सरस आहे.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद पडल्या तेव्हा ही देवाणघेवाण मोबाइलवर सरकली. व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यासमाला आल्या, सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ दिसू लागली, आणि पाठोपाठ घरबसल्या करण्याचे व्यायाम, श्वसनाचे प्रकार व गोष्टींच्या ध्वनिफिती शिक्षकांच्या गटांतून फिरल्या. शाळा उघडल्यावर गट राहिले. पण त्यांत पाठवले जाते ते बहुतेक वेळा छायाचित्र असते. योगदिनाला रांगेत बसलेली मुले किंवा पुस्तक हाती धरून उभा असलेला वर्ग पाहून उपक्रम झाला एवढे कळते, तो कसा करायचा हे कळत नाही. वरिष्ठ कार्यालयाला पुरावा हवा असतो, शेजारच्या शिक्षकाला रीत हवी असते. आणि एकाच गटात दोन्ही मागण्या आल्या की पुरावा जिंकतो.

व्यायामाबद्दल बीड जिल्ह्यात आणखी एक पेच आहे. आष्टी तालुक्यातील मांडव्याचे अविनाश साबळे शाळेसाठी रोज काही किलोमीटर पायी जात-येत आणि वाटेत धावत. त्यांनी ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवले. पाटोद्याचे राहुल आवारे यांनी २०१८ मध्ये राष्ट्रकुल कुस्तीत सुवर्णपदक पटकावले. ही नावे परिपाठात आवर्जून सांगितली जातात, तेही योग्यच; पण त्यावरून खेड्यातील मुलाला व्यायामाची गरज नाही, तो आधीच कष्ट करतो, असा निष्कर्ष काढणारे पालक व काही शिक्षकही आढळतात. दुष्काळात डोक्यावर हंडा वाहणे आणि धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणे हे श्रम शरीराची एकच बाजू सतत ओढत असतात. कवायतीतील ताण आणि सैलपणाचा क्रम, उड्या, तोल सांभाळण्याचे खेळ हे त्या ओढीवरचे उत्तर आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेल्या ‘फिट इंडिया’ मोहिमेच्या घोषणांत हा फरक दिसत नाही.

या साऱ्या प्रयत्नांची खरी कसोटी ऊसतोडीच्या हंगामात लागते. दसरा-दिवाळीनंतर हजारो कुटुंबे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे निघतात आणि मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात, म्हणजे शालेय वर्षाचा मधला, सर्वांत भरीव भाग निसटतो. मुलांना गावातच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहाची, म्हणजे पालक स्थलांतरित असेतोवर मुलांच्या जेवणाची व देखभालीची, योजना चालते. तिथल्या लांबलचक संध्याकाळी खो-खो, दोरीउड्या आणि गोष्टवाचनानेच भरून काढाव्या लागतात, आणि त्या कशा भरायच्या हे शिक्षक एकमेकांनाच विचारतात. पालकांसोबत उसाच्या फडावर गेलेल्या मुलांच्या बाबतीत लेझीम व सुतळीवरचे वाचनालय दोन्ही निरुपयोगी ठरतात. त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो पालकांच्या फोनवरील गोष्टीचा आवाज. तोही वडील तोड संपवून कोपीवर, म्हणजे ऊसतोड कामगारांच्या तात्पुरत्या झोपडीवर, परतल्यानंतर, फोनमध्ये चार्जिंग उरले असेल तर.