पाच टक्के की त्रेपन्न टक्के?

आमच्या एका औषधविक्रेत्या सभासदांनी मध्यंतरी आम्हांस विचारले, "शहरांतील शंभरांपैकी त्रेपन्न माणसे आयुषचा उपयोग करतात असे सरकारी पाहणी सांगते; मग आमच्या फडताळावरचा माल हलत का नाही?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर पाहणीच्या रचनेत आहे.

राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७९ व्या फेरीत (जुलै २०२२ ते जून २०२३) केवळ आयुष या विषयावर देशव्यापी पाहणी प्रथमच झाली. १,८१,२९८ कुटुंबांकडून माहिती घेण्यात आली. मागील ३६५ दिवसांत आयुषचा उपयोग केलेल्यांचे प्रमाण ग्रामीण भागात सुमारे ४६ टक्के, तर नागरी भागात सुमारे ५३ टक्के आढळले. याच सर्वेक्षणाच्या ७१ व्या फेरीत (जानेवारी ते जून २०१४) मात्र सुमारे ९० टक्के आजारांत ॲलोपॅथीचा आश्रय घेतलेला दिसला व आयुषसह इतर पद्धतींच्या वाट्याला अवघे ५ ते ७ टक्के आले.

नऊ वर्षांत एवढी झेप? आमच्या मते हा झेपेचा प्रश्नच नव्हे. २०१४ मध्ये मागील पंधरा दिवसांतील आजार मोजले व त्यांपैकी कितींवर कोणती चिकित्सा झाली हे पाहिले. ७९ व्या फेरीत माणसे मोजली. तीही वर्षभरात एकदा जरी उपयोग केला असेल तरी, आणि तो रोगप्रतिबंधासाठी असला तरी. ज्याने वर्षातून एकदा च्यवनप्राशाची बाटली संपवली आणि चार वेळा तापासाठी इंग्रजी औषध घेतले, तो गृहस्थ दुसऱ्या पाहणीत आपला, पहिलीत बहुधा परका! आजारासाठी पंधरा दिवसांचीच मर्यादा का, तर किरकोळ दुखणी माणसे लवकर विसरतात.

ऋतूंचाही भेद आहे. सहामाही पाहणीत वर्षा व शरद हे ऋतू जवळजवळ वगळले जातात. वातप्रकोप व पित्तप्रकोपाचे हे काळ आपल्या चिकित्सालयांत किती गर्दीचे असतात हे वैद्यांस सांगणे नको. वर्षभराच्या फेरीत सर्व ऋतू येतात.

नमुन्याविषयी अविश्वास नको. चूर्णाची घाणी तपासताना आपण वरचे, मधले व तळाचे चूर्ण घेतो. सारी घाणी तपासत नाही. येथेही राज्य, ग्रामीण व नागरी असे स्तर पाडून आधी गावे व नागरी विभाग, मग त्यांतील कुटुंबे यदृच्छेने निवडतात. मात्र देशासाठी बेतलेला हा नमुना एका तालुक्यास लावता येत नाही. सभासदांनी माल मागवताना ५३ हा आकडा धरू नये. स्वतःच्या विक्रीवहीतील गेल्या चार तिमाहींची प्रतिबंधक व चिकित्सोपयोगी औषधे वेगवेगळी मांडावीत. त्या सद्गृहस्थांनी ती मांडली, तेव्हा फडताळावर पडून राहिलेला बहुतेक माल दुसऱ्या प्रकारचा निघाला.