अस्मी : एका नव्या शस्त्राचा परिचय

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठदसारख्या गावी बंदुकीची गाठ बहुधा कागदावरच पडते. रोही आणि रानडुकरे यांच्या उपद्रवाने गांजलेला शेतकरी पीकसंरक्षणासाठी परवान्याचा अर्ज करतो, आणि पोलिसांचा अहवाल व जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम यांच्या त्या दफ्तरात मालकाची सारी माहिती नमूद होत असली, तरी हत्यार घडविणाऱ्याच्या विद्येविषयी अवाक्षर नसते. ही विद्या महाराष्ट्राला नवी नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. आणि लष्करासाठी शस्त्रांची रचना करणारी एआरडीई ही केंद्र सरकारची संस्थाही पुण्यातच, पाषाणला आहे.

या संस्थेने महूच्या इन्फंट्री स्कूलच्या सहकार्याने सिद्ध केलेले ‘अस्मी’ हे मशीन पिस्तूल जानेवारी २०२१ मध्ये प्रकाशात आले. रणगाड्यातील सैनिक, वाहनचालक, रेडिओ चालविणारे, अशा ज्यांना अपुऱ्या जागेत लांब रायफल वागविणे दुष्कर, त्यांच्यासाठी ते योजिले आहे. नळी आठ इंचांची, वजन दोन किलोंच्या आत, आणि काडतूस सैन्यात पूर्वीपासून रूढ असलेले ९ मि.मी.चे. हे काडतूस रायफलीच्या मानाने सौम्य असल्यामुळे सर्वांग पोलादी करण्याचे कारण उरत नाही. म्हणून सांगाड्याचा वरचा भाग विमानांसाठी वापरतात त्या प्रतीच्या अ‍ॅल्युमिनियमचा आणि खालचा कार्बन फायबरचा केला आहे. चापाचे भाग आखताना व त्यांचे नमुने घडविताना थ्री-डी प्रिंटिंगचे साहाय्य घेतल्याने साचे आणि अवजारे तयार होण्याची प्रतीक्षा टळली, आणि पहिले पिस्तूल अवघ्या चार महिन्यांत उभे राहिले.

तथापि नमुना वेगळा आणि उत्पादन वेगळे. याच संस्थेने रचलेली ‘इन्सास’ रायफल १९९९ च्या कारगिल युद्धात हिमशिखरांवर गेली, तेव्हा कडाक्याच्या थंडीत तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे गेल्याच्या तक्रारी आल्या; रचनागृहात क्षुल्लक वाटणारा भाग रणांगणावर सैनिकाच्या प्राणाशी येऊन ठेपतो, हा धडा त्या अनुभवाने दिला. २०२४ मध्ये लष्कराच्या उत्तर कमांडसाठी ५५० अस्मींची मागणी नोंदविली गेली, आणि ते काम हैदराबादच्या लोकेश मशीन्स या यंत्रसामग्री बनविणाऱ्या कंपनीकडे सोपविण्यात आले. ही निवड अर्थपूर्ण आहे; कारण एक उत्तम पिस्तूल कुशल कारागीर कानशीनेही घडवील, परंतु पाचशेपन्नासाव्या पिस्तुलाचा सुटा भाग पहिल्या पिस्तुलात बिनतक्रार बसावा, यासाठी कारागिराच्या हातापेक्षा यंत्राची अचूकता आणि तपासनिसाची करडी नजर अधिक उपयोगी पडते. चार महिन्यांची शीघ्रता कौतुकास्पद खरीच. पण शस्त्रनिर्मात्याची पत शीघ्रतेने ठरत नसून, सदोष नग वेळीच बाद करण्याच्या त्याच्या निष्ठुरतेने ठरते.