पाण्याखाली दिवा: किती मोठा, कुठे आणि कशासाठी

आजचा विषय इथल्याच एका तरुणाने दिला. राजपुरीच्या जेट्टीवर तो आम्हाला म्हणाला, "सर, होडीच्या पंख्यात जाळं अडकलं की आम्हीच खाली उतरतो. काही दिसत नाही. डायव्हर लोक कमरेला डबा बांधतात, तसला मोठा दिवा घेऊ का? पैसे जमवतोय." तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाने यावर का बोलावं? तर एकसष्टाव्या वर्षी आम्ही तारकर्लीला स्कूबा शिकलो आणि पुढे असा दिवा वापरलाही. आमचा अधिकार तेवढाच.

आधी हा दिवा म्हणजे काय ते पाहू. जुन्या वरातीत माणसं डोक्यावर दिवे घेऊन चालायची आणि त्यांच्या वायरी मागच्या जनरेटरच्या गाडीला जोडलेल्या असायच्या, आठवतंय ना? कॅनिस्टर लाइटची रचना तीच. जड बॅटरी एका जलरोधक डब्यात, डबा उजव्या कमरेला पट्ट्यावर. तिथून केबल निघते ती डाव्या हाताच्या पंजावर बसवलेल्या दिव्याला. दिवा मुठीत धरावा लागत नाही, बोटं मोकळी राहतात. उजवा हात तर पूर्ण मोकळा, कारण जोडीदाराची हवा संपली तर त्याला श्वासाची नळी द्यायची ती याच हाताने.

हा दिवा मुळात गुहेत आणि बुडालेल्या जहाजांच्या पोटात शिरणाऱ्यांसाठी. तिथे वर छप्पर असतं, सरळ वर येता येत नाही. म्हणून प्रत्येकाकडे तीन दिवे हवेत हा तिथला नियम: एक मुख्य, दोन राखीव. त्यातला मुख्य तो हा.

निवडताना जाहिरातीतल्या ल्युमेनच्या आकड्याला भुलू नका. पहिला प्रश्न विचारायचा, किती वेळ जळतो? गणित सोपं आहे. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे 84 वॉट-तास. दिवा 20 वॉटचा असेल तर साधारण चार तास. बॅटरी जुनी झाली की त्याहून कमी. ठरवलेल्या वेळेच्या दीडपट तरी जळला पाहिजे, असं आमचं मत. विमानाने जाणार असाल तर आणखी एक आकडा लक्षात ठेवा. 100 वॉट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी जवळच्या सामानात नेता येते. त्यापुढे 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते.

दुसरा प्रश्न, झोत रुंद की अरुंद? इथे आम्हाला आमचे नैयायिक आठवतात. डोळ्यातून तेजाचा किरण निघतो, तो वस्तूपर्यंत पोचतो आणि मग वस्तू दिसते, असं ते मानत. डोळ्याच्या बाबतीत ते चुकले, पण डायव्हरच्या दिव्याला वर्णन अगदी फिट्ट बसतं! आता मुरुडचं पाणी घ्या. खाडीचा गाळ, त्यात उधाण. इथे रुंद झोत टाकला की मधले कणच उजळतात आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्यात गाडीचे मोठे दिवे लावल्यासारखं. अशा वेळी अरुंद झोत बरा, आणि दिवा डोळ्यांच्या रेषेपासून बाजूला धरायचा. भांगाच्या दिवसांत ओढ कमी असते, पाणी जरा निवळतं. तो काळ साधला तर दिव्याचे पैसे वाचतात!

अरुंद झोताचा आणखी एक उपयोग, आमच्या मते सगळ्यात मोठा. जोडीदाराशी बोलता येतं. झोताने सावकाश गोल काढला की "ठीक आहे." जोरजोरात आडवा हलवला की "संकट, लगेच ये." म्हणून उगाच दिवा नाचवायचा नाही आणि कुणाच्या तोंडावर मारायचा नाही.

गोव्याला ग्रांडे बेटाजवळ आमचा दिवा एकदा खालीच विझला. चूक आमचीच. डबा बंद करताना झाकणाच्या रबरी रिंगवर टॉवेलचा एक धागा राहिला होता. दहा मीटरवर पाण्याचा दाब वरच्या दुप्पट होतो, त्याला तेवढी फट पुरली. राखीव दिवा काढेपर्यंत आम्ही घाबरलो होतो, खोटं कशाला सांगा. आमचा झोत दिसेना म्हणून जोडीदार मागे वळली, ती आली आणि दंड धरून राहिली. तेव्हापासून रिंग बोटाने चाचपून, सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवूनच आम्ही झाकण लावतो. वर आल्यावर डबा गोड्या पाण्याने धुवायचा, पूर्ण सुकल्याशिवाय उघडायचा नाही. आत पाणी गेलं असेल तर झाकणावर तोंड नेऊन उघडू नका. ओल्या लिथियम बॅटरीमुळे आत वायू कोंडलेला असू शकतो.

आणि दिव्याने सगळं होतं असंही नाही. 2018 साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत 12 मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले. पाणी उपसण्याच्या कामात आपल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही होते. त्या गढूळ पाण्यात डायव्हर पुढे गेले ते मुख्यतः हाताला लागणाऱ्या दोरीच्या आधाराने.

आता त्या तरुणाला उत्तर. बाबा रे, हा दिवा घेऊ नकोस. पंखा हाताच्या अंतरावर असतो, तिथे लांब पल्ल्याच्या झोताचं काम नाही. शिवाय लोंबती केबल म्हणजे जाळ्यात अडकायला आणखी एक दोरी. मनगटाला बांधायची छोटी पाण्यातली बॅटरी पुरे, तीसुद्धा दोन घे. त्याआधी इंजिन बंद करून चावी स्वतःच्या गळ्यात अडकव, धारदार सुरी जवळ ठेव, कमरेला दोरी बांध आणि तिचं दुसरं टोक वर होडीत बसलेल्या भावाच्या हातात दे. दोन हिसके म्हणजे "ओढ," हे उतरण्याआधी त्याच्याशी ठरवून घे.